आम्हाला वाईन चालते

थर्टीफर्स्टला व्याही आणि विहीणबाई पुण्याहून मुक्कामाला यायचे होते. चार दिवस आधी लेकीचा फोन आला. आईशी अर्धा तास मटणावर खल झाल्यावर तिने मला फोनवर बोलावलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "बाबा, आमच्याकडे तसं कुणी घेत नाही हं. फक्त वाईन चालते."

'चालणे' हे क्रियापद फार फसवं. आमच्याकडे "चहा चालेल" म्हणणाऱ्याला दोन कप लागतात.

वास्तविक मी घाबरायचं काहीच कारण नव्हतं. मी द्राक्षाच्या घरातला. सावळजला थोरले बंधू, म्हणजे आबा, अजून बाग बघतात. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, विरळणी, जीएचं (जिबरेलिक ॲसिडचं) डिपिंग, म्हणजे घड त्यात बुडवणं, बेदाण्याचं शेड हे सगळं मी झोपेत सांगेन. थॉमसनमधून निवडलेली तास-ए-गणेश ही जात आमच्याच तासगाव तालुक्यातली. त्यात नोकरी शिक्षकाची, विषय रसायनशास्त्र. ग्लुकोजपासून इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साईड हे समीकरण मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं आणि पोरांच्या वहीत तपासलं. समीकरणाच्या उजव्या बाजूला काय लागतं, ते विकत कसं घेतात, हे मात्र अभ्यासक्रमात नव्हतं.

मग अभ्यासाला बसलो. पहिलाच नियम सोपा निघाला: माशाबरोबर व्हाईट, रेड मीटबरोबर रेड. मटण हे रेड मीट, सबब रेड. उत्तराखाली दोन रेघा ओढल्या. पुढच्या पानावर लिहिलं होतं की रेडमधलं टॅनिन, म्हणजे तिचा तुरटपणा, आणि अल्कोहोल तिखटाचा जाळ वाढवतात, म्हणून झणझणीत जेवणाला थंडगार, जराशी गोडसर व्हाईट बरी. आमच्या घरची कांदा-लसूण चटणी त्या लेखकाने खाल्लेली नसावी, पण मुद्दा पटला. म्हणजे तांबड्या रश्शाला पांढरी. मग पांढऱ्या रश्शाला तांबडी का? हा प्रश्न जगात कुणी सोडवलेला दिसला नाही.

रेड म्हणे 'रूम टेंपरेचर'ला द्यावी, म्हणजे 16 ते 18 अंशांवर. ही रूम युरोपातली, तीही हीटर यायच्या आधीची. सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या रूममध्ये एप्रिलात खोबरेल तेलाचं पाणी होतं आणि माझंही. नशीब, डिसेंबर होता.

पुतण्या हिंजवडीत असतो, तो 'ट्रेंड' पाठवायला लागला. रेड मागे पडतेय, लोक व्हाईट, रोझे आणि फसफसणारी घेतात. बूच जाऊन फिरकीचं झाकण आलं. कॅनमध्ये मिळते. अल्कोहोल काढून घेतलेलीसुद्धा मिळते. (यावर आबांचं मत: "मग आधी घातलंच कशाला?") आणि 2024 साली जगातला वाईनचा खप 1961 नंतर सगळ्यात कमी झाला. म्हणजे जगाने सोडायला घेतल्यावर मी पहिली बाटली आणायला निघालो. स्कूटरच्या बाबतीतही माझं असंच झालं होतं.

खरं तर ही वेळ आलीच नसती. जानेवारी 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांवरच्या सुपरमार्केटात वाईन विकायचा निर्णय घेतला होता. केवढा गदारोळ झाला, आणि तो अमलात काही आला नाही. नाहीतर जिरं, मोहरी आणि एक रेड, अशी सभ्य यादी देऊन आलो असतो. पलूसला सरकारने वाईन पार्कसुद्धा काढलं. नाव मात्र नाशिकनं कमावलं आणि आमच्या वाट्याला बेदाणा राहिला. बेदाणा घ्यायला कधी तोंड लपवावं लागत नाही, हा त्यातला फायदा.

तोंड लपवायचं म्हणून भर दुपारी, मफलर गुंडाळून गेलो. दुकानावर पाटी 'वाईन शॉप'. आत सगळी व्हिस्की, रम आणि बियर. वाईन वरच्या फळीवर, धूळ खात, देवघरातल्या गंगेच्या लोट्यासारखी. गर्दीत शिरून जाळीपाशी पोचलो आणि बारीक आवाजात "वाईन" म्हणालो. काऊंटरवरच्या माणसाने मान वर केली. "सर! तुम्ही!" तो दार उघडून बाहेर आला आणि सगळ्या रांगेसमोर माझ्या पायाला हात लावला. मागचा एकजण म्हणाला, "मास्तर जुनं गिऱ्हाईक दिसतंय."

बोर्डाला रसायनशास्त्रात पस्तीस मार्क पडलेलं पोरगं ते. त्याने मला विचारलं, "सर, ड्राय का सेमी-स्वीट?" मला घाम फुटला. तोंडी परीक्षेला मी त्याला असाच उभा करायचो. शेवटी त्यानेच एक बाराशेची रेड आणि सातशेची शेनिन ब्लाँ नावाची व्हाईट पेपरात गुंडाळून काळ्या पिशवीत घातली. "सर, बूच आहे, ओपनर आहे ना घरी?" मी "हो" म्हणालो. पस्तीस मार्कवाल्याला आणखी काय काय कबूल करायचं?

रात्री आबा थेट बागेतून आले, खिशात द्राक्षातली साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर तसाच. पाहुणे बसले. भडंगाची ताटली फिरली. हिने विहीणबाईंसाठी मुद्दाम कोकम सरबत केलं होतं. मी स्क्रू-ड्रायव्हरने रेडचं बूच काढायला गेलो, ते आत पडलं. मग चहाच्या गाळणीतून बाराशेची वाईन गाळत व्याह्यांच्या ग्लासात ओतली. व्याही संकोचून म्हणाले, "अहो मला नको, मला ॲसिडिटी आहे. हिला चालते."

आम्ही सगळे विहीणबाईंकडे बघायला लागलो. हिच्या हातातला सरबताचा ग्लास हवेतच राहिला. विहीणबाईंनी शांतपणे दुसरी बाटली उचलली, हात लावून गारवा पाहिला, पदर सावरत झाकण फिरवलं आणि म्हणाल्या, "तांबड्याबरोबर हीच बरी. छान निवडलीत." चार दिवसांचा अभ्यास आणि शेवटी मार्क मिळाले ते माझ्या विद्यार्थ्याला.

गाळलेल्या रेडचा एक घोट आबांनी घेतला आणि डोळे मिटले. "आंबाट हाय. साखर कुठं गेली?"

"ड्राय आहे आबा. सगळी साखर यीस्टने खाल्ली."

"म्हंजे आपण वर्षभर गोडी आणायची आन् जंतूंनी खायची?" त्यांनी रिफ्रॅक्टोमीटर काढला, काचेवर दोन थेंब टाकले, ट्यूबलाईटकडे धरून एक डोळा लावला. अल्कोहोलमुळे आकडा बरोबर येत नाही, हे मी सांगायला गेलो. पण आता माझं ऐकतंय कोण.

"सात! लेका, व्यापारी बांधावरनंच माघारी गेला असता."

विहीणबाईंनी आपला ग्लास पुढे केला. "आबा, ह्याचंही बघा की."

आबांनी काच धोतराला पुसली, पुन्हा दोन थेंब टाकले, बराच वेळ पाहिलं.

"ह्यो माल बरा हाय," ते म्हणाले. "पर आजून पंधरा दिस येलीवर ठिवायला पायजे हुता."