‘कॅल्शियम संपले म्हणून वात हाडात शिरला’: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

मराठवाड्यातील गावोगावच्या व्हॉट्सअॅप गटांवर संधिवाताविषयीचा एक लांबलचक संदेश सध्या फिरतो आहे. त्याचा आशय थोडक्यात असा आहे. हाडांतले कॅल्शियम संपले की सांधे सुजतात. प्रतिकारशक्ती कमी झाल्यामुळे वात हाडात शिरतो, म्हणून ती वाढवणारा गुळवेलीचा काढा आणि कॅल्शियमच्या गोळ्या एवढे पुरेसे आहे. रक्ताची आर. ए. (रूमॅटॉइड फॅक्टर) तपासणी निगेटिव्ह आली तर काळजी नको. या दुखण्याचे मूळ बोअरच्या पाण्यात आहे. डॉक्टर देतात ती गोळी मुळात कॅन्सरची असून तिने हाडे पोकळ होतात. त्यापेक्षा अमुक गावची पुडी तीन दिवसांत गुण देते. संदेशाखाली कोणाचेही नाव नाही. यातील सगळीच विधाने सारख्या प्रमाणात खोटी नाहीत, दोन-तीन ठिकाणी सत्याचा अंश आहे, आणि त्या अंशाच्या आधारानेच बाकीचे गळी उतरवले जाते. म्हणून प्रत्येक विधान वेगळे काढून तपासणे भाग आहे.

सुरुवातीलाच एक घोळ निस्तरायला हवा. उतारवयात गुडघ्यातील कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, झिजून होणारे दुखणे आणि रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, ज्याला आपल्याकडे आमवात म्हणतात, हे दोन वेगळे आजार आहेत आणि संदेशात ते एकाच पिशवीत घातले आहेत. आमवाताची रुग्ण बहुधा तिशी ते पन्नाशीतली बाई असते. सकाळी उठल्यावर तास-दीड तास तिची मूठ वळत नाही, पिठाचा गोळा हातात येतो पण भाकरी थापताना बोटांच्या मुळाशी कळ जाते, आणि दोन्ही हातांची तीच पेरे सारखीच सुजल्यामुळे कालपर्यंत सहज निघणारी बांगडी अडकून बसते. वेचणीच्या दिवसांत कापसाचे बोंड चिमटीत धरणे अवघड झाले म्हणून दवाखान्यात आलेल्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. गुडघ्याच्या झिजेत सकाळचा ताठरपणा सहसा अर्ध्या तासाच्या आत ओसरतो आणि चालल्याने दुखणे वाढते. आमवातात हालचालीने बरे वाटते. हा आजार दुर्मीळही नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली सुरू झालेल्या घरोघरच्या पाहणीत प्रौढांमधील त्याचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का आढळले होते.

आता कॅल्शियम संपल्याच्या मुख्य दाव्याकडे येऊ. माळवदावरची जुनी माती उकरून वेळोवेळी नवी पांढरी माती टाकावी लागते, तसे हाड आयुष्यभर थोडे थोडे उकरले जाते आणि पुन्हा भरले जाते. उकरण्याचे काम ऑस्टिओक्लास्ट नावाच्या मोठ्या, अनेक केंद्रके असलेल्या पेशी करतात. त्या हाडाला चिकटून आम्ल आणि विकरे (एन्झाइम) सोडतात आणि खनिज व प्रथिने दोन्ही विरघळवतात. भरण्याचे काम ऑस्टिओब्लास्ट करतात. संदेश लिहिणाऱ्याला बहुधा ठाऊक नसलेली गोष्ट अशी की, उकरणाऱ्या पेशी हाडांच्या कुळातल्या नाहीतच. त्या रक्तातील मोनोसाइट पेशींपासून, म्हणजे जंतूंना गिळणाऱ्या पेशी ज्या कुळातून येतात त्याच कुळातून तयार होतात. हाड मोडणारी पेशी जन्माने प्रतिकारसंस्थेची नातलग आहे.

त्या पेशीला ‘तयार हो आणि कामाला लाग’ हा हुकूम देणाऱ्या रेणूला रँकएल म्हणतात. १९९७-९८ च्या सुमारास हा रेणू दोन वेगळ्या वाटांनी सापडला. टी-पेशींचा, म्हणजे प्रतिकारसंस्थेतील एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा, अभ्यास करणाऱ्यांना तो प्रतिकारसंस्थेतील संदेश म्हणून सापडला आणि हाडांचा अभ्यास करणाऱ्यांना ऑस्टिओक्लास्ट घडवणारा घटक म्हणून. पुढे कळले की दोघांच्या हाती एकच रेणू आला आहे. शरीराकडे त्यावर लगामही आहे. ऑस्टिओप्रोटेजेरिन नावाचे प्रथिन रँकएलला मधल्या मध्ये पकडून निष्प्रभ करते. आमवातात सांध्याचे आतले अस्तर सुजते, तिथे जमलेल्या टी-पेशी आणि मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) टीएनएफ, इंटरल्युकिन-६, इंटरल्युकिन-१७ असे दाह भडकवणारे संदेश-रेणू सोडतात, त्यांच्या चिथावणीने अस्तरातील फायब्रोब्लास्ट पेशी रँकएलचा मारा करू लागतात, आणि लगाम तोकडा पडतो. शिवाय टीएनएफमुळे डीकेके-१ नावाचा आणखी एक रेणू वाढतो, जो भरणाऱ्या पेशींचे हात बांधून ठेवतो. म्हणजे उकरणे वाढते आणि भरणे थांबते.

हाताच्या एक्स-रेवर हे नुसत्या डोळ्यांनी दिसते. आधी सांध्यालगतचे हाड इतर भागापेक्षा विरळ, काळपट दिसू लागते. मग बोटाच्या मुळाच्या सांध्यात, कूर्चेचे आवरण जिथे संपते आणि सुजलेले अस्तर थेट हाडाला भिडते त्या कडेला, उंदराने कुरतडल्यासारखी खाच पडते. कॅल्शियमची कमतरता अशी निवडून दोन पेरांच्या कडेला खाच पाडत नाही. ती असलीच तर सगळ्या सांगाड्यावर पसरते.

या कार्यकारणाला प्रयोगांचा भक्कम आधार आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, ज्या उंदरांत रँकएल तयारच होत नाही अशा उंदरांच्या सांध्यांत दाह निर्माण केला गेला. सूज आली, पण हाड मात्र जवळजवळ शाबूत राहिले. रँकएलला अडवणारे डेनोसुमॅब हे औषध आमवाताच्या रुग्णांना दिल्यावर याचेच प्रतिबिंब दिसले: हाडांवरच्या खाचा वाढण्याचा वेग मंदावला, सांध्यांची सूज तशीच राहिली. दाह आणि हाडांचे नुकसान यांच्यातील दुवा कुठे आहे, हे यापेक्षा स्वच्छपणे दाखवणे कठीण आहे. २००० साली या अभ्यासक्षेत्राला ऑस्टिओइम्युनॉलॉजी असे स्वतंत्र नावही मिळाले. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांची गरज रुग्णाला असतेच, कमतरता असेल तर ती भरून काढलीच पाहिजे. परंतु हाड उकरण्याचा हुकूम सुटत असताना नुसते कॅल्शियम गिळल्याने तो हुकूम मागे घेतला जात नाही.

यावरून प्रतिकारशक्ती कमी झाल्याचे विधानही निकालात निघते. या आजारात प्रतिकारसंस्था दुबळी नसते, ती स्वतःच्याच घरावर चालून गेलेली असते. स्वतःच्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे (अँटिबॉडी) अनेक रुग्णांच्या रक्तात सांधे सुजण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून सापडतात. लंडनमध्ये १९९२ साली रवींदर मैनी आणि मार्क फेल्डमन या संशोधकांनी आमवाताच्या रुग्णांवर टीएनएफला रोखणारे प्रतिपिंड प्रथम वापरले आणि वर्षानुवर्षे आखडलेल्या रुग्णांना आराम पडला, तो प्रतिकारसंस्थेचा एक संदेश दाबल्यामुळे, वाढवल्यामुळे नव्हे. गुळवेलीबद्दल सांगायचे, तर करोनाच्या काळात ती घराघरांत पोचली आणि २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी ती घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षांना आक्षेप घेतला. हा वाद इथे सोडवायचा नाही, पण त्या नोंदींतील इजेचे स्वरूप स्वप्रतिकारी आजारासारखे होते, एवढे आमवाताच्या रुग्णाने काढा उकळण्याआधी ध्यानात घ्यावे.

‘वात म्हणजे हाडांची झीज’ हे गृहीत तर अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस या पाठीच्या कण्याच्या दाहापुढे टिकतच नाही. हा आजार बहुधा विशी-तिशीतल्या तरुणांना गाठतो, पहाटे कंबर धरते आणि उठून फिरल्यावर मोकळी होते. इथेही इंटरल्युकिन-१७ आणि त्याला चालना देणारे इंटरल्युकिन-२३ यांचा हात असतो, एचएलए-बी२७ हे जनुक अनेकांत आढळते; परंतु स्नायुबंध हाडाला जिथे जोडलेले असतात तिथे नवे हाड उगवते, मणक्यामणक्यांत पूल बांधले जातात आणि पाठ वाकेनाशी होते. विलक्षण भाग हा की त्याच मणक्याच्या आतले हाड मात्र विरळ होत जाते. एकाच रुग्णात, दोन बोटांच्या अंतरावर, हाड वाढतही असते आणि घटतही असते. कॅल्शियमचा हिशोब इथे कोणत्या वहीत मांडणार?

आर. ए. तपासणीचे उत्तर लहान आहे. आमवाताच्या पाचातल्या एका तरी रुग्णात ती निगेटिव्ह येते, आणि आमवात नसलेल्या काही माणसांत, विशेषतः वृद्धांत, पॉझिटिव्ह येते. निदान सुजलेल्या सांध्यांवरून होते; तपासणी त्याला जोड देते.

बोअरच्या पाण्याचे विधान मात्र झटकून टाकण्यासारखे नाही. नांदेड जिल्ह्यातील किनवट परिसरात भूजलात फ्लोराइड जास्त असल्याचे जुने दुखणे आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत सवलत आहे. त्याहून बरेच अधिक फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेले, तर दात डागाळतात, हाडे घट्ट पण ठिसूळ होतात, स्नायुबंधांत खनिज साचते आणि पाठ, मान आखडते. हा फ्लोरोसिस, त्यात प्रतिकारसंस्थेचा हल्ला नसतो. अशा गावात पाठ धरलेल्या माणसाचे पाणी तपासणे योग्यच आहे. पण पाणी बदलून आमवात जात नाही आणि आमवाताच्या गोळ्यांनी फ्लोरोसिस जात नाही.

राहिली औषधे. संदेशातली ‘कॅन्सरची गोळी’ म्हणजे मेथोट्रेक्सेट, आणि ते कॅन्सरवर वापरतात हे खरे आहे. तिथे काही प्रकारांत ते एका वेळी हजारो मिलिग्रॅमपर्यंत दिले जाते. आमवातात ते आठवड्यातून एकदाच, साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम, फॉलिक अॅसिडच्या जोडीने देतात. या मात्रेत हाडांची घनता घटत असल्याचे बहुतेक अभ्यासांत दिसलेले नाही. दाह आटोक्यात आल्याने हाड वाचते, आणि खाचा बहुधा पहिल्या दोन वर्षांतच पडू लागत असल्याने औषध लवकर सुरू होण्याला महत्त्व आहे. त्याचे धोके वेगळे आहेत: रक्तपेशी आणि यकृत यांची नियमित तपासणी लागते, गर्भारपणात ते चालत नाही, दारूशी त्याचे जमत नाही, आणि आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकते. म्हणून वार ठरवून तो पाकिटावर ठळक लिहून ठेवावा.

हाडे खरोखर पोकळ करणारे औषध वेगळेच आहे, आणि ते पुष्कळदा त्या तीन दिवसांत गुण देणाऱ्या पुडीतच असते. स्टेरॉइडचा सांध्यांवरील चमत्कार अमेरिकी डॉक्टर फिलिप हेंच यांनी १९४८ साली पाहिला, १९५० साली त्यांना त्यासाठी नोबेलही मिळाले, आणि थोड्याच वर्षांत त्याची किंमतही वैद्यकाला कळली. स्टेरॉइड हाड भरणाऱ्या पेशींना मारते, उकरणाऱ्यांचे आयुष्य लांबवते आणि मणके पिचण्याचा धोका पहिल्या काही महिन्यांतच वाढवते. डॉक्टर ते मोजून-मापून, थोडे दिवस, मुख्य औषध लागू पडेपर्यंत देतात. नाव नसलेल्या पुडीत मात्रा कोणाला ठाऊक? चेहरा गोल फुगला असेल, पोट सुटून हातपाय बारीक झाले असतील, साखर वाढली असेल, तर पुडीत स्टेरॉइड आहे असेच धरून चालावे. अशी पुडी महिनोन्‌महिने घेणाऱ्याने ती एका दिवसात फेकून देऊ नये, कारण शरीराने स्वतःचे स्टेरॉइड बनवणे थांबवलेले असते आणि अचानक बंद केल्यास रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. उरलेल्या पुड्या घेऊन डॉक्टरांकडे जावे, किती दिवस आणि दिवसाला किती घेतल्या हे न लाजता सांगावे, आणि मात्रा त्यांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने उतरवावी.