हातमागाशी कसली घासाघीस?

दर प्रदर्शनात तेच! कर्वे रोडचा हॉल असो की सदाशिव पेठेतला, येवल्याच्या विणकराकडची पैठणी उलगडायची आणि म्हणायचं, "एवढी महाग? लक्ष्मी रोडला निम्म्यात मिळते!" मिळेल, पण ती यंत्रमागावरची. अहो, पदर उलटून तरी बघा! हातमागाच्या पैठणीचा पदर मागूनही पुढच्यासारखाच दिसतो, कारण नक्षीतला एकेक रंग धाग्याच्या वेगळ्या कांडीवरून हाताने गुंफलेला असतो. यंत्रावरच्या पदरामागे बहुधा मोकळे धागे दिसतात. भरगच्च पदराला महिनोन् महिने लागतात, डोळे शिणतात, पाठ जाते. २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकन, म्हणजे मूळ भागाच्या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं, अस्सल हातमागाची ओळख सांगणारी हँडलूम मार्कची खूण २००६पासून आहे. पण ती बघतं कोण? मॉलमधल्या टॅगवरची किंमत मात्र निमूट मोजतात हीच माणसं. संताप येतो!

घरात "पारंपरिक कोपरा" हवा म्हणे, आणि आजीने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी माळ्यावर कोंबलेली. काढा ती, पांघरा!

परवडत नसेल तर पैठणी घेऊ नका. नुसती बघा, कशी विणली ते विचारा, विणकर आनंदाने सांगतात. पण त्यांच्या तोंडावर त्यांच्या मजुरीचा भाव पाडू नका हो.