किट लेन्स विकू नका, निदान कास बघून येईपर्यंत तरी

श्रावण लागला की साताऱ्यात दोन गोष्टी हमखास वाढतात. कासच्या रस्त्यावरच्या गाड्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं कॅमेऱ्याचं ज्ञान. यंदा आमच्या भटक्यांच्या ग्रुपवर एकच मजकूर चौघांनी टाकला. गोषवारा असा: ‘नवीन डीएसएलआर घेतलाय? सोबत आलेली किट लेन्स, १८-५५, विकून टाका, ती प्लास्टिकची डबी आहे. १८-३०० घ्या. १६ पट झूम, लांबचं सगळं जवळ. लेन्स बदलायची नाही, म्हणजे धूळ नाही, ओझं नाही. स्टॅबिलायझर असल्यामुळे कमी उजेडातही फोटो हलणार नाही. बजेट नसेल तर सेकंडहँड कुठलीही झूम घ्या, माउंट (कॅमेऱ्यावर लेन्स बसते ती कडी) जुळला की झालं.’

दुसऱ्या दिवशी भाच्याचा फोन. ‘मामा, किट लेन्सला गिऱ्हाईक आलंय, देऊन टाकू?’ त्याच्याकडे कॅनन १५००डी. त्याला तासभर जे सांगितलं, तेच इथे लिहितोय.

आधी ते १६ पट. लेन्सवरचे आकडे म्हणजे मिलिमीटरमधली फोकल लेंथ: लहान आकड्यात जास्त जागा मावते, मोठ्यात लांबचं जवळ येतं. हा आकडा येतो कुठून? ३०० ला १८ ने भागा, साडेसोळाच्या वर येतो. ७०-३०० चा भागाकार जेमतेम ४.३ येतो, पण लांबचा पक्षी दोन्हींत तेवढाच दिसतो, कारण शेवटचा आकडा तोच आहे. ‘किती पट’ म्हणजे सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा पल्ला. लांबचं किती जवळ येणार याच्याशी त्याचा संबंध नाही. आणि १८-५५ च्या जोडीला ५५-२५० घेतली तर ५० मिलिमीटर कमी पडतात म्हणून हळहळणाऱ्यांनी हिशोब करावा. २४ मेगापिक्सेलचा फोटो आडवा ६००० पिक्सेल असतो. मायणीच्या तलावावर रोहित उतरलेत आणि २५० वर त्यातला एक ५०० पिक्सेल उंच दिसतोय, तर ३०० वर तो ६०० दिसेल. खरं सांगायचं तर हे दोन्ही फोटो तलावाचेच.

आता ती ‘प्लास्टिकची डबी’. मला राग आला तो या शब्दाचा. आहे प्लास्टिकची, कबूल. पण गेल्या सप्टेंबरात कासवर आम्ही दोघं पायवाटेच्या कडेला उकिडवे बसलो होतो. भुरभुर चालू, समोर सीतेची आसवं. जांभळं, करंगळीच्या नखाएवढं फूल, वाऱ्याने सारखं डोलणारं. शेजारी एक पाहुणे १८-३०० घेऊन उभे. त्यांनी झूम पूर्ण ताणली, लेन्स दोन वेळा आत-बाहेर चाचपडली आणि हिरव्या गवतावर फोकस करून मोकळी झाली. भाच्याने १८-५५ ला ५५ वर नेलं, कोपरं गुडघ्यांवर टेकवली आणि इतका जवळ गेला की लेन्सच्या तोंडापासून फुलापर्यंत वीतभरही अंतर नव्हतं. फुलावरचा थेंबसुद्धा आला.

यात जादू काही नाही. कॅननची १८-५५ (आयएस २) सेन्सरपासून (कॅमेऱ्यात फोटो जिथे उमटतो तिथून) २५ सेंटिमीटरवर फोकस करते आणि वस्तू त्यावर ०.३४ पट उमटवते. सिग्माची १८-३०० कंटेम्पररी ३९ सेंटिमीटरवरून ०.३३ पट. म्हणजे सुमारे साडेसहा सेंटिमीटर रुंदीची जागा दोन्हींत फ्रेमभर. ज्या कामासाठी निम्मा सातारा कासला कॅमेरा घेऊन जातो, त्या कामात ती डबी महागड्या लेन्सच्या बरोबरीला उभी आहे. मोठ्या झूमने थोडं लांबून काम होतं, हा तिचा फायदा मान्य. फुलांत पाय न घालता फोटो मिळत असेल तर मी तिच्या बाजूने.

ओझ्याचं गणित तर उलटंच बसतं. सिग्माची ती लेन्स ५८५ ग्रॅम. कॅननची १८-५५ भरते २०० ग्रॅम आणि ५५-२५० एसटीएम ३७५. दोन्ही मिळून ५७५! शिवाय गळ्यात एका वेळी एकच असते. १५००डी ची बॉडी स्वतःच ४७५ ग्रॅमची, तिला पुढे ५८५ लटकवा आणि सज्जनगडाच्या पायऱ्या चढा. मान बोलेल.

धुळीचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. पावसात किंवा बगाडाच्या जत्रेतल्या फुफाट्यात लेन्स काढणं नकोसं वाटतं, मलाही वाटतं. पण झूम ताणली की नळी लांबते आणि आत हवा ओढली जाते. हवेबरोबर बारीक धूळही जाते, ती लेन्सच्या आत बसते. सेन्सरवरची धूळ ब्लोअरने उडते, लेन्सच्या आतल्या धुळीला दुकान गाठावं लागतं. आमचा साधा रिवाज: गाडीतून उतरतानाच ठरवायचं, आज फुलं की पक्षी, आणि तीच लेन्स लावायची.

स्टॅबिलायझरबद्दल दोनच वाक्यं. तो तुमचा हात स्थिर करतो, बैल नाही. बावधनला रंगपंचमीच्या दिवशी बगाड ओढणारे बैल गोठवायचे तर शटर १/५०० सेकंदापेक्षा वेगवान लागतं, मग लेन्सवर काहीही लिहिलेलं असो. घरातल्या गणपतीच्या आरतीला तर दोन्ही झूम हात टेकतात. तिथे कॅनन किंवा निकॉनची साधी ५० मिलिमीटर एफ/१.८ लावा, एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त, त्यामुळे झूमच्या एफ/५.६ पेक्षा जवळपास १० पट उजेड आत येतो. हो, झूम होत नाही. दोन पावलं पुढे सरका.

सेकंडहँडचा सल्ला सगळ्यांत घातक, कारण त्यात मी स्वतः पोळलोय. निकॉन डी३२०० घेतला तेव्हा एका दुकानात जुनी एएफ ७०-३०० स्वस्तात दिसली. माउंट बसतो का, बसतो. खटकन बसली, मी पैसे दिले. घरी येऊन गच्चीवरून अजिंक्यताऱ्यावर रोखली, बटण अर्धं दाबलं. काही नाही. घूं नाही, चूं नाही. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते, ती लेन्समध्ये असावी लागते. म्हणजे लेन्सवर ‘एएफ-एस’ लिहिलेलं हवं, नुसतं ‘एएफ’ नव्हे. दुकानदाराला हे माहीत होतं की नाही, देव जाणे. परत घ्यायला तो तयार नव्हता एवढं मात्र नक्की. पुढे ‘एएफ-पी’ लेन्स आल्या तर तिथे दुसरीच गंमत: डी३१००, डी३२०० सारख्या जुन्या बॉडीवर त्यांचा ऑटोफोकसच चालत नाही. कॅननवाल्यांना हा त्रास नाही, डीएसएलआरच्या ईएफ आणि ईएफ-एस दोन्ही लेन्स १५००डी वर मुकाट चालतात. पण कॅननच्या मिररलेस कॅमेऱ्यांच्या आरएफ लेन्स त्यावर बसणार नाहीत. तेव्हा सेकंडहँड घेताना स्वतःची बॉडी बरोबर न्या आणि दुकानातच चार फोटो काढा.

मग १८-३०० घ्यायचीच नाही का? घ्या की. बाईकवर आठ-आठ दिवस फिरणारा, लेन्स बदलायचा खरोखर कंटाळा असणारा आणि ३०० वर फोटो जरा मऊ (किंचित धूसर) आला तरी खंत न करणारा माणूस असतो, त्याने खुशाल घ्यावी. एकाच लेन्सवर भागवायचं असेल तर माझं मत कॅननच्या १८-१३५ ला किंवा निकॉनच्या १८-१४० ला. दोन्ही पाचशे ग्रॅमच्या आसपास, लग्नापासून किल्ल्यापर्यंत चालतात आणि झूमची हाव थोडी कमी असल्यामुळे टोकाला चित्रही बरं देतात.

भाच्याला शेवटी एक काम दिलं. गेल्या वर्षभरातले फोटो कॉम्प्युटरवर उघड आणि प्रत्येकाच्या माहितीत फोकल लेंथ बघ. जास्त फोटो ५५ वर अडकलेले दिसले तर तुला लांबची झूम हवी. रात्री त्याचा फोन आला, आवाज जरा खजील.

‘मामा, निम्म्याहून जास्त १८ वरच आहेत. ठोसेघरचा धबधबा तर एकाही फोटोत पुरा मावला नाहीये.’

म्हणजे ३०० च्या मागे लागलेल्या या पोराला हवी होती १०-१८. वजन २४० ग्रॅम. किट लेन्सच्या गिऱ्हाइकाला त्याने नाही म्हणून कळवलंय, आणि आता १०-१८ सेकंडहँड शोधतोय. बॉडी बरोबर घेऊन.