रिपोर्ट कुणासाठी लिहितात?

काल नाशिकच्या जुन्या सीबीएस बसस्टँडवर सुरगाण्याच्या गाडीची पाटी दिसली आणि परत तीच गोष्ट डोक्यात सुरू झाली. काही वर्षांपूर्वी तिकडच्या एका पाड्यावर मी दुभाषी म्हणून गेले होते, परदेशी संस्थेची माणसं, दोन पाड्यांत जंगलजमिनीवरून भांडण होतं ते मिटवायला बैठक. एक मावशी उठल्या आणि पाच मिनिटं तरी बोलल्या, वनहक्काचा दावा कुठे अडकलाय, मोजणीवाले नागलीच्या उभ्या पिकातून कसे चालत गेले, सगळं. समोरच्या मॅडमनी घड्याळ बघितलं आणि मी दोन वाक्यांत उरकलं, जमिनीचा वाद आहे, बायकांना त्रास होतो. वहीत तेवढंच गेलं. मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ताई, एवढंच?"

मला तेव्हा काही बोलता आलं नाही.

ती माणसं वाईट नव्हती हो, मनापासून आलेली. पण बैठक कधी, विषय कोणता, भाषा कोणती हे सगळं त्यांनी ठरवायचं आणि चुकलं तर भोगायचं गावाने, ही गोष्ट मला पटतच नाही.

हैतीचं बघा. २०१० साली युनोच्या शांतिसेनेच्या कॅम्पमधली घाण नदीच्या पाण्यात गेली, कॉलरा पसरला, जवळपास दहा हजार माणसं गेली. लोक अमेरिकेत कोर्टात गेले तर युनोला कायद्याने संरक्षण आहे म्हणून केस उभीच राहिली नाही. माफी मागायला २०१६ उजाडलं. ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांनी दाद मागायची कुठे? आणि त्या कॅम्पमधले सैनिक नेपाळचे, म्हणजे आपल्यासारख्याच देशाचे, युनोचं मुख्यालय मात्र न्यूयॉर्कला. भारताचेही हजारो जवान असे बाहेर जातात, तेव्हा हा प्रश्न आपलाही आहे.

२०१६लाच मोठ्या देशांनी आणि संस्थांनी कबूल केलेलं, २०२०पर्यंत संकटकाळच्या मदतीचा २५ टक्के पैसा शक्य तितका थेट स्थानिक संस्थांच्या हातात देऊ. ते काही झालं नाही.

माझं म्हणणं साधं आहे, पैसे देणाऱ्यांना रिपोर्ट पाठवायच्या आधी तो गावात, गावाच्या भाषेत, मोठ्याने वाचा आणि लोक म्हणतील ते बदला. वेळ लागेल, लागू दे. मी मागच्या महिन्यात त्या पाड्यावर जाऊन विचारून आले, आमच्या बैठकीचा रिपोर्ट तिथे कुणी बघितलेलाच नाही.