नॉर्मल रिपोर्ट आणि गुळाचा खडा : ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, 'पाळी आणि मॅग्नेशियम'च्या लेखात मी दोन्ही डगरींवर हात ठेवलाय, असं तुम्ही लिहिलंय. रक्तातल्या मॅग्नेशियमचा रिपोर्ट नॉर्मल आला तरी भरवसा नाही म्हणायचं, वर मनानं मॅग्नेशियमच्या गोळ्या घेऊ नका म्हणायचं. मग मुलीनं पोट धरून बसायचं का? आणि आपला कोल्हापुरी गूळ असताना गोळ्या हव्यात कशाला?

आधी माझी चूक. 'पाळीआधी मॅग्नेशियम घसरतंच' हे मी ठोकून दिलं होतं. पाळीआधी त्रास होणाऱ्या बायकांच्या तांबड्या पेशींत ते कमी असल्याचं काही अभ्यासांत दिसलंय, पण म्हणून प्रत्येकीचं घसरतं असं होत नाही. ते वाक्य काढलं.

रिपोर्टबद्दलचं मात्र मागं घेणार नाही. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण 25 ग्रॅम मॅग्नेशियम असतं. निम्म्याहून जास्त हाडांत, बाकीचं बहुतेक स्नायूंत आणि इतर अवयवांत. सीरममध्ये, म्हणजे तपासणीत मोजतात त्या रक्ताच्या पातळ भागात, एक टक्काही नाही, आणि तेवढं टिकवायला शरीर हाडांतून उसनं घेतं, मूत्रपिंड लघवीतून जाणारं अडवतं. माझ्या मेडिकलच्या गल्ल्यातली चिल्लर मोजून कपाटात माल किती ते सांगण्यातला हा प्रकार! अर्थात नॉर्मल रिपोर्टमुळं मुलीला कमतरता आहे, असंही ठरत नाही.

गोळीचं म्हणाल, तर 1991 सालच्या इटलीतल्या अभ्यासात पाळीआधीची चिडचिड, उदासी कमी झाली खरी. पण बायका होत्या 32. पहिल्या दिवशीची कळ वेगळी. ती प्रोस्टाग्लँडिन या शरीरातल्याच रसायनामुळं गर्भाशय आवळल्यानं येते. मॅग्नेशियम स्नायू सैल करतं, म्हणून आशा आहे. डोस किती, हे पक्कं ठरलेलं नाही. दर महिन्याला कॉलेज बुडत असेल तर गोळीआधी स्त्रीरोगतज्ज्ञ गाठा.

गुळावर माझाही जीव आहे, पण खडाभर गुळातून मॅग्नेशियम नावालाच मिळतं. बाईला दिवसाला 300 मिलिग्रॅमच्या वर लागतं. सोबतच्या मूठभर शेंगदाण्यांतून पन्नासेक मिळतात. म्हणजे गूळ-शेंगदाण्यात काम शेंगदाणे करतात, नाव गुळाचं होतं! ज्वारीची भाकरी, नाचणी, तीळ आहेतच.

गोळी आणलीच असेल तर पाकिटावर 'एलिमेंटल' (म्हणजे निव्वळ मॅग्नेशियम) किती लिहिलंय ते बघा, आणि मॅग्नेशियम ऑक्साइड असेल तर पोट ढिलं होण्याची तयारी ठेवा. थायरॉईडची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. घरात कुणाला किडनीचा त्रास असेल, तर त्यांच्या हाती मात्र ही पट्टी लागू देऊ नका.