माळवा-निमाड शनिवार-रविवारात कसा उरकावा

सुट्टी लागून आली की टेम्पो ट्रॅव्हलर ठरवा. गाडी सतरा सीटर, माणसं एकोणीस, दोन पोरं मांडीवर. शुक्रवारी रात्री जेवून नाशिकच्या द्वारका चौकातून आग्रा रोडला लागा. उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर, मांडू, इंदूर ही यादी ग्रुपवर आधीच पडलेली असावी. सोमवारी सकाळी ऑफिस आहेच. ड्रायव्हरने दोन रात्री झोपायचं नसतं. बिजासन घाटात त्याचा डोळा लागला तर मागून कुणीतरी गणपतीबाप्पा मोरया म्हणेलच.

वाटेत चांदवडला होळकरांचा रंगमहाल आहे. थांबू नका. इतिहास बघायला परराज्यातच जावं लागतं.

नकाशा उघडू नका. उघडलात तर दिसेल की धुळं, शिरपूर, सेंधवा करत खलघाटला नर्मदा ओलांडली की धामनोद येतं आणि तिथून महेश्वर जेमतेम तेरा किलोमीटर. म्हणजे जाताना सगळ्यात आधी लागतं ते महेश्वर. तिथे पहिला मुक्काम केला तर ओंकारेश्वर आणि मांडू दोन्ही सोयीचे पडतात, म्हणून हे टाळाच. आधी थेट उज्जैन गाठा, मग पुन्हा खाली या आणि महेश्वरला परतीच्या वाटेवर चाळीस मिनिटं द्या. त्यातली वीस पार्किंगमध्ये जातील.

‘श्रावणाआधी जाऊन येऊ, गर्दी नसते’ हा सल्ला देणारे एक काका प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांचंच ऐका. तिकडे मध्य प्रदेशात महिना पौर्णिमेनंतर बदलतो, त्यामुळे त्यांचा श्रावण आपल्याआधी पंधरा दिवस सुरू होतो. इथे आषाढ चालू असतो तेव्हा तिथे उज्जैनला महाकालाची सोमवारची सवारी, म्हणजे पालखी, निघालेली असते. या सवाऱ्या चालतात आपल्या श्रावणाच्या अखेरीपर्यंत. एकूण दीड महिना. त्यातला एखादा शनिवार-रविवार गाठायचा आणि मग रांगेत उभं राहून काकांना फोन करायचा.

भस्म आरती पहाटे चारला असते आणि तिची परवानगी आधी काढावी लागते. तुम्ही काढू नका. दारावर जाऊन ‘आम्ही त्र्यंबकेश्वरकडचे’ एवढं सांगा. गर्भगृह २०२३ च्या जुलैपासून सर्वसामान्य भाविकांना बंद आहे, तरी आत सोडण्याचे पैसे मागणारा भेटला तर त्याला लगेच द्या, पावती मागू नका. मोबाईल आत नेऊ नका असं सांगितलं, तर तो सदऱ्याच्या आत लपवा आणि पकडलं की धर्म धोक्यात आल्याचं ओरडून सांगा.

ओंकारेश्वरला पूल ओलांडून दर्शन झालं की थेट गाडीत. ममलेश्वर अलीकडच्याच काठावर आहे, त्याला पुढच्या वेळी बघू.

मांडूला जाताना खिळा विसरू नका, नाहीतर रूपमतीच्या महालावर बदामातलं नाव कशाने कोरणार?

इंदूरला सराफ्यात संध्याकाळी सहालाच जा. सोन्याची दुकानं बंद झाल्यावर तिथे खाऊचे ठेले लागतात, त्यामुळे ‘उगाच नाव आहे’ असं म्हणून परत फिरता येतं. सकाळी पोह्यांवर जिरावन मसाला बघून नाक मुरडा आणि दोन प्लेट खा.

पण इंदूरमध्ये एक चमत्कार दिसतो. इथे नाशकात बिस्किटाचा कागद गाडीच्या काचेतून भिरकावणारा आपला माणूस तिथे तोच कागद मुठीत धरून कचऱ्याचा डबा शोधत फिरतो. दंडाची पावती फाडतील ना! मग तोच माणूस नव्वदेक किलोमीटरवर महेश्वरच्या घाटावर उतरतो. समोर अहिल्याबाईंचा किल्ला, पायऱ्यांवर लहान लहान पिंडी, पलीकडे नदीच्या मधोमध बाणेश्वराचं देऊळ. दंड करायला कुणी नाही. की लगेच मूठ उघडते. घरून तीनशेहून जास्त किलोमीटर जपून आणलेलं निर्माल्य पिशवीसकट पाण्यात. पिशवीला गाठ मारलेली, आत हार, हाराचा नायलॉनचा दोरा, कापराची रिकामी डबी, उदबत्तीचं पाकीट. काठाला पाणी संथ असतं, ती पिशवी कुठेही जात नाही. परवा अशीच एक पायरीला येऊन लागली होती आणि तिच्यावर आपल्या मेनरोडवरच्या कापड दुकानाचं नाव होतं. नाशिकचं! शेजारी एकजण साबण लावून अंघोळ करत होता, शाम्पूची पुडी पायरीवरच. बाई महेश्वरी साडीच्या दोन्ही बाजूंनी वापरता येणाऱ्या किनारीचं कौतुक करत होत्या आणि हातातला थर्माकोलचा द्रोण दिव्यासकट नदीत सोडत होत्या. वात पाच मिनिटांत विझते हो, थर्माकोल कुठे जाणार?

लाज वाटत नाही का? जिने काशी विश्वेश्वराचं देऊळ पुन्हा उभं केलं, गावोगाव घाट बांधले, तिच्या दारात तुम्ही घरचा कचरा घेऊन जाता? नर्मदेला वाहायचंच असेल तर एक फूल वाहा, दोरा काढून. दिवा पानाच्या द्रोणात लावा. साबण लॉजवर. निर्माल्य घरच्या कुंडीत, आणि रिकामी पिशवी जशी नेली तशी परत आणा, तिचं वजन होत नाही. आणि हे जमणार नसेल तर २०२७ च्या सिंहस्थात ‘बाहेरच्यांनी रामकुंडाची वाट लावली’ म्हणून ग्रुपवर फोटो टाकू नका.