वाईची विहीर, मुलुंडचा नळ: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. नंतर येणाऱ्यांसाठी ती थोडक्यात सांगतो. माशांच्या टाकीवरच्या लेखात ‘टाकी पूर्ण रिकामी करू नका, फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका’ असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की वाईच्या घरी तुम्ही वर्षानुवर्षं दर रविवारी टाकी उपसलीत, खडी धुतलीत, विहिरीचं ताजं पाणी भरलंत आणि गोल्डफिश ठणठणीत राहिले. उलट मुलुंडला नातवाने माझा लेख वाचून आठ महिने टाकीला हात लावला नाही, कमी झालेलं पाणी तेवढं वरून भरलं. मग एका संध्याकाळी अर्धं पाणी बदललं, क्लोरीन घालवायचे थेंबही टाकले, तरी सकाळी तीन मासे मेलेले. म्हणजे ही सगळी बाटल्या खपवायची पुस्तकी विद्या, असं तुम्ही म्हणता.

तुम्ही पाहिलेल्या दोन्ही गोष्टी मी शंभर टक्के खऱ्या मानतो. माझा मतभेद फक्त निष्कर्षाशी आहे.

आधी वाई. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडत असतो आणि अमोनिया हे त्याच्यासाठी विष आहे. खडीवर, काचेवर, स्पंजात वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट. नायट्राइटही घातक, नायट्रेट मात्र बरंच सौम्य. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नसतात, ते चिकटून राहतात. तुम्ही खडी धुवायचात ती विहिरीच्या पाण्याने, ज्यात क्लोरीन नव्हतं. गाळ निघून जायचा आणि जिवाणूंचा बुळबुळीत थर बराचसा खडीवरच राहायचा. त्यात नदीतून आणलेली हायड्रिला तुम्ही टाकीत ठेवायचात, तीही अमोनिया थेट शोषून घेते. शिवाय आपल्याकडे काळ्या पाषाणातून झिरपणारं विहिरीचं पाणी सहसा जड, म्हणजे जास्त क्षारांचं असतं, त्यामुळे त्याचा पीएच (पाणी किती आम्लधर्मी आहे याचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) चटकन घसरत नाही. तुमची पद्धत त्या पाण्याला अगदी योग्य होती.

तीच पद्धत मुलुंडला चालणार नाही. तिथलं पाणी भातसा, वैतरणा, तानसा या तलावांचं, म्हणजे मुख्यतः साठवलेलं पावसाचं, मऊ, कमी क्षारांचं पाणी. ते क्लोरीन घालून येतं आणि घालायलाच हवं, कारण आपण ते पितो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे घरच्या नळापर्यंत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहायला हवं. त्या धारेखाली स्पंज पांढरा होईपर्यंत पिळला की जिवाणूंचा थर जातो. टाकी दिसते लख्ख. दोन-तीन दिवसांनी मासे पृष्ठभागावर येऊन भराभर कल्ले हलवू लागतात आणि आपण म्हणतो, रोग आला. म्हणून मी स्पंज टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात पिळायला सांगतो. बादली चहासारखी तपकिरी होते, स्पंज मळकाच दिसतो आणि तो तसाच परत लावायचा असतो.

आता नातवाची टाकी, कारण तुमचा खरा राग तिथे आहे आणि तीन मासे गेल्यावर तो यावाच. जिवाणू अमोनिया पचवतात तेव्हा आम्ल तयार होतं. पाण्यातले कार्बोनेट नावाचे क्षार ते आम्ल झेलतात आणि झेलता झेलता संपत जातात. मुंबईच्या पाण्यात ते मुळातच कमी. वरून भरलेल्या पाण्याने त्यांची थोडीच भरपाई होते, आणि बाष्पीभवनात नायट्रेट उडून जात नाही, ते साठतच राहतं. आठ महिन्यांत पीएच सहाच्या आसपास येऊ शकतो. तिथे जिवाणूंचं काम मंदावतं आणि अमोनिया साठू लागतो. तरी मासे जगतात, कारण आम्लधर्मी पाण्यात जवळजवळ सगळा अमोनिया अमोनियम या फारशा न बाधणाऱ्या रूपात असतो. २५ अंश तापमानाला पीएच ६ असेल तर विषारी भाग ०.१ टक्क्याहूनही कमी. पीएच ७.५ झाला की तो पावणेदोन टक्क्यांच्या आसपास जातो, आणि ८ ला पाच टक्क्यांच्या वर.

त्या संध्याकाळी नातवाने निम्मं ताजं पाणी ओतलं तेव्हा साठलेला अमोनिया निम्मा झाला खरा, पण पीएच चढल्यामुळे उरलेल्यातला विषारी भाग कितीतरी पट वाढला. तुम्ही सांगितलेल्या घटनाक्रमावरून मला हेच सर्वांत संभवनीय वाटतं. पाणी बदललं म्हणून मासे गेले असं दिसतं, पण संकट आठ महिने साठत आलं होतं. पूर्ण उपसू नका म्हणजे बदलूच नका, असं मी लिहिलेलं नाही. दर आठवड्याला पाव हिस्सा, हे त्याच लेखात आहे. काका, नातवाला यासाठी बोलू नका. पाणी स्वच्छ दिसत होतं, मासे खात होते, त्याला शंका यायचं काही कारणच नव्हतं.

बाटल्यांबद्दल तुमचं बरंचसं म्हणणं मला मान्य आहे. पीएच वाढवणारी, पीएच उतरवणारी, पाणी चमकवणारी, यातली एकही मी घ्यायला सांगत नाही. क्लोरीन घालवायला साधं सोडियम थायोसल्फेट पुरतं, दुकानात अँटीक्लोरीन म्हणून मिळतं ते बहुधा तेच. मेथिलीन ब्लूसुद्धा मुख्य टाकीत नको, ते जिवाणूंनाही मारतं. एका गोष्टीवर मात्र पैसे खर्च करा: अमोनिया आणि पीएच मोजायचं थेंबांचं किट. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही.

उरलेल्या माशांसाठी: दोन दिवस खाणं बंद. पाणी रोज फक्त दहावा हिस्सा बदलायचं, थेंब टाकून, टाकीच्याच तापमानाचं. गच्चीच्या टाकीतलं दुपारचं तापलेलं पाणी नको, गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. एअर पंप रात्रंदिवस चालू. फिल्टरमध्ये धुतलेल्या शिंपल्यांचा मूठभर चुरा जाळीत बांधून ठेवला, तर कार्बोनेट हळूहळू परत येतील. दोन आठवड्यांनी पाव हिस्सा, आठवड्यातून एकदा.

आणि नातवाला आज दोन पीएच मोजायला सांगा: एक टाकीचा, दुसरा बादलीत रात्रभर ठेवलेल्या नळाच्या पाण्याचा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले, तर माझं निदान चुकलं असं समजून पुन्हा लिहा, आपण दुसरं कारण शोधू.